बत्तीस बोअरचा रुबाब

परवान्याचे पिस्तूल कमरेला लावून वावरणाऱ्या भारतीय नागरिकाला त्याच्या शस्त्राविषयी विचारले, तर त्याची पहिली तक्रार गोळीच्या आकाराची असते. गेल्या काही वर्षांत कानपूर, मेरठ, ग्वाल्हेर आणि लुधियाना या पट्ट्यात वेगवेगळ्या निमित्ताने फिरताना मी अशा अनेकांशी बोललो. त्यांत वकील होते, पेट्रोल पंपाचे मालक होते, सराफ होते, ठेकेदार होते आणि एक डॉक्टरबाईही होत्या. वजन, चाप, पकड, किंमत या बाबतींत प्रत्येकाचे मत निराळे होते. ‘बत्तीसच्या गोळीने माणूस थांबत नाही’ हे वाक्य मात्र जवळजवळ सर्वांनी ऐकवले. ऐकवणाऱ्यांपैकी एकानेही कधी माणसावर गोळी झाडलेली नव्हती. असे असताना हे मत इतके पक्के कसे झाले, याचा शोध घेताना मी शस्त्रांच्या दुकानातून निघून जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परवाना विभागात कधी पोहोचलो, ते कळले नाही.

तक्रारीत तथ्य नाही असे नाही. .३२ बोअरच्या रिव्हॉल्व्हरची गोळी नळीतून सुटताना जी ऊर्जा घेऊन निघते ती दीडशे ज्यूलच्या आसपास असते. लष्कर आणि पोलीस वापरतात त्या ९ मिलिमीटरच्या काडतुसाची ऊर्जा साधारण पाचशे ज्यूल असते. म्हणजे आपल्या नागरिकाच्या हातातले हत्यार पोलिसाच्या हत्याराच्या एक-तृतीयांशही भरत नाही. अमेरिकेत लपवून बाळगण्याजोग्या आटोपशीर .४५ पिस्तुलांवर मालक मंडळी हिरिरीने वाद घालतात. या मोठ्या गोळीच्या श्रद्धेचा उगम विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आहे. फिलिपिन्समधील मोरो बंडखोरांशी लढताना अमेरिकी सैनिकांना आपल्या .३८ रिव्हॉल्व्हरचा पुरेसा भरवसा वाटेना. त्या अनुभवातून मोठ्या बोअरची मागणी पुढे आली आणि १९११ साली जॉन ब्राउनिंग यांचे .४५ पिस्तूल सैन्याने स्वीकारले. त्याच अमेरिकेत एफबीआयने मात्र उलटसुलट प्रवास केला. १९८६ साली मायामीतील चकमकीत दोन एजंट मारले गेल्यावर ती संस्था मोठ्या काडतुसांकडे वळली आणि २०१४च्या सुमारास पुन्हा ९ मिलिमीटरवर आली. आधुनिक गोळ्यांत बोअरच्या फरकाने फारसे काही घडत नाही, गोळी कुठे लागते यावर सारे अवलंबून असते आणि हलक्या धक्क्याचे पिस्तूल बहुतेकांना अधिक अचूक चालवता येते, असा तिचा निष्कर्ष होता. आखूड नळीच्या .४५ पिस्तुलाचे प्रामाणिक मालकही हेच सांगतात: धक्का जोराचा, गोळ्या मोजक्या, आणि सराव नसेल तर दुसरी गोळी कुठे जाईल याचा नेम नाही.

भारतातल्या मालकापर्यंत या चर्चेचा पहिला अर्धाच भाग पोहोचला आहे. तो बत्तीसवर नाराज असला तरी बत्तीस त्याने निवडलेली नाही. ती त्याच्यासाठी सरकारने निवडली आहे. १९५९चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम शस्त्रांची ‘निषिद्ध’ आणि ‘अनिषिद्ध’ अशी विभागणी करतात. ज्या पिस्तुलांत वा रिव्हॉल्व्हरांत सैन्याचे ९ मिलिमीटरचे किंवा .३८० आणि .४५५ची जुनी सरकारी काडतुसे चालतात, ती निषिद्ध. त्यांचा परवाना केंद्रीय गृहमंत्रालयाच्या हाती. उरलेल्यांत बाजारात सहज मिळते ते .३२. म्हणून देशातल्या पिस्तूलधारी नागरिकांपैकी बहुतेकांच्या कमरेला बत्तीसच असते.

या विभागणीमागचा हेतू समजून घेण्यासारखा आहे, कारण वाचकांना तो सहसा चुकीचा सांगितला जातो. नागरिकाच्या हाती कमी घातक हत्यार असावे, असा हा हेतू नाही. तसे असते तर .३५७ मॅग्नम हे ९ मिलिमीटरहून जोरकस काडतूस अनिषिद्ध यादीत राहिले नसते. सरकारला चिंता आहे ती आपल्या शस्त्रागारातून काडतूस फुटून बाहेर गेले तर ते नागरिकाच्या नळीत बसू नये, याची. ही चिंता इंग्रजांची आहे. मार्टिनी-हेन्री रायफलींसाठी बंडखोरांना दारूगोळा मिळू नये म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी हिंदुस्थानात .४५० बोअरच्या खासगी रायफलींवर बंदी घातली. विलायती बंदूकवाल्यांनी ताबडतोब .४७० बोअरची रायफल काढून शिकाऱ्यांची सोय केली. वाघाला दोन्हींतला फरक कळला असेल असे वाटत नाही. राज्यकर्त्याचे समाधान मात्र झाले. स्वातंत्र्यानंतर आपण कायदा नवा केला, त्यातील भीती जुनीच ठेवली.

त्यावर आणखी एक थर चढला तो ऐंशीच्या दशकाच्या मध्यास, नागरिकांसाठी शस्त्रांची सर्वसाधारण आयात बंद झाली तेव्हा. त्याआधी देशात आलेली वेब्ली, वॉल्थर, ब्राउनिंग, स्मिथ अँड वेसन ही पिस्तुले-रिव्हॉल्व्हरे तेव्हापासून एका हातातून दुसऱ्या हातात फिरत आहेत. त्यांचे भाव जमिनीच्या भावासारखे चढत गेले. मेरठच्या एका वकिलांनी मला वडिलांकडून आलेले जुने विलायती पिस्तूल दाखवले. ते सांगताना त्यांनी त्याची अचूकता, बनावट, पकड यांविषयी चकार शब्द काढला नाही. त्याची आज किती किंमत येईल तेवढेच सांगितले. वस्तू दुर्मीळ केली की तिचा उपयोग मागे पडतो आणि तिचे मोल पुढे येते.

देशी मालाविषयी मालकांची मते अधिक रोखठोक असतात. कानपूरच्या आयुध कारखान्याचे .३२ रिव्हॉल्व्हर मजबूत आहे, गोळी अडकत नाही, पण चाप इतका जड की नेम ढळतो, असे मी अनेकांकडून ऐकले. ईशापूरचे ‘अशनी’ पिस्तूल चपटे असल्याने सदऱ्याखाली लपते, म्हणून दुकानदारवर्गाला ते बरे वाटते. मात्र मॅगझिनच्या पिस्तुलाची निगा राखण्याचा कंटाळा असलेल्यांना रिव्हॉल्व्हरच भरवशाचे वाटते. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसवर गेला की कमरेचे लोखंड घामाने गंजते, ही तक्रार ग्वाल्हेरची. २०२३ साली कानपूरच्याच सरकारी कंपनीने ‘प्रबल’ हे नवे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. त्याचे चक्र बाजूला उघडते आणि त्याचा पल्ला पन्नास मीटर असल्याचे सांगितले गेले. स्वसंरक्षणाचे प्रसंग दोन-चार हातांच्या अंतरावर घडतात. पन्नास मीटरवरून गोळी झाडावी लागली तर ते स्वसंरक्षण होते हे न्यायालयाला पटवणे अवघड जाईल. तरी जाहिरातीत पल्ल्यालाच महत्त्व, कारण ग्राहकाला त्याचेच आकर्षण. लखनौजवळच्या संडीला येथे आता वेब्ली अँड स्कॉट या ब्रिटिश नावाने .३२ पिस्तुले भारतीय भागीदारीत बनू लागली आहेत. तिथेही बोअर बत्तीसच. नाव तेवढे विलायती.

या यादीत ‘निर्भीक’चा उल्लेख वेगळा करायला हवा. दिल्लीच्या डिसेंबर २०१२च्या अत्याचारानंतर वर्षभराने, जानेवारी २०१४ मध्ये, कानपूरच्या कारखान्याने स्त्रियांसाठी म्हणून सुमारे अर्धा किलो वजनाचे हलके रिव्हॉल्व्हर काढले. नाव पीडितेला लोकांनी दिलेल्या नावाशी जुळणारे, पेटी दागिन्यांच्या डब्यासारखी, आणि किंमत सव्वा लाखाच्या घरात. त्यावर स्त्री संघटनांनी तेव्हाच टीका केली होती. बसने जाणाऱ्या ज्या तरुणीच्या निमित्ताने हे सारे घडले, तिच्यासारखीला ना ते परवडले असते, ना परवाना मिळाला असता. राज्यसंस्थेने आपली जबाबदारी सव्वा लाखाला विकायला काढली, असे तेव्हा माझे मत झाले होते आणि ते बदलण्याचे कारण मला पुढे आढळले नाही.

मी ज्या डॉक्टरबाईंचा उल्लेख केला त्यांच्याकडे ‘निर्भीक’ नाही, कानपूरचेच जुने रिव्हॉल्व्हर आहे. पश्चिम उत्तर प्रदेशातील एका गावात त्या एकट्या प्रसूतिगृह चालवतात. खंडणीचे फोन आल्यावर त्यांनी परवान्यासाठी अर्ज केला. ठाण्याचा अहवाल गेला की धोक्याची नोंद नाही. नोंद नव्हती कारण ठाण्याने तक्रारच लिहून घेतली नव्हती. पुढे एका आप्ताने योग्य ठिकाणी शब्द टाकला आणि अडलेला कागद हलला. परवाना मिळाल्यावर त्यांनी एक गोष्ट केली, जी इतर कोणी केल्याचे मला आढळले नाही. महिन्यातून एकदा त्या जिल्ह्याच्या रायफल क्लबात जाऊन नेम धरतात. बोअरविषयी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “सात मीटरवर पाचही गोळ्या ताटलीएवढ्या वर्तुळात पडतात. त्यापेक्षा मोठी गोळी घेऊन मी काय करू?”

इतरांना मी एकच प्रश्न विचारत असे: परवाना मिळाल्यापासून किती गोळ्या झाडल्या? एका पंपमालकांनी नऊ वर्षांत बारा सांगितल्या, त्यांतल्या सहा लग्नात. एका सराफांनी शस्त्र घेतले त्या दिवशी दुकानाच्या मागे दोन झाडल्या होत्या. हे आळसापायी होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. बाळगता येणाऱ्या काडतुसांना मर्यादा आहे, ती महाग आहेत, रिकाम्या पुंगळ्यांचा हिशेब मागितला जातो आणि नागरिकाला सराव करता येईल अशी जागा बहुसंख्य जिल्ह्यांत नाही. आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा शिक्का असलेली काडतुसे वर्षानुवर्षे कपाटात जपून ठेवलेली मी पाहिली आहेत. एका घरात ती देव्हाऱ्याच्या खणात होती. २०१६च्या शस्त्र नियमांनी नव्या अर्जदाराला शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षण आवश्यक केले, हे चांगलेच झाले. पण ते प्रमाणपत्र एकदा जोडले की काम संपते. मोटार चालवण्याच्या परवान्याला जितकी परीक्षा असते तितकीही पिस्तुलाच्या नूतनीकरणाला होत नाही.

मग हे शस्त्र करते काय? ते दिसते. कायद्याने सार्वजनिक ठिकाणी शस्त्र उगारणे, मिरवणे मना आहे, म्हणून ते सदऱ्याखाली असते. पण सदरा असा शिवलेला असतो की खालचा फुगवटा समोरच्याच्या नजरेतून सुटू नये. लुधियानाच्या एका ठेकेदाराला मी विचारले की लपवायला सोपे असे लहान पिस्तूल का घेत नाही. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी प्रश्न तिथेच सोडला. तहसील कचेरीत खुर्ची मिळते, लिलावात प्रतिस्पर्धी जपून बोलतो, सोयरीक जुळवताना जमिनीबरोबर परवान्याचाही उल्लेख होतो. मोठ्या बोअरची ओढ मला इथून निघालेली दिसते. बत्तीस बोअर सर्वांकडे आहे; .३५७ ज्याच्याकडे आहे त्याची पोहोच वरपर्यंत आहे.

आकडेही याच दिशेने बोट दाखवतात. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या माहितीनुसार २०१६ अखेर देशात ३३.६९ लाख शस्त्रपरवाने होते. त्यांत उत्तर प्रदेशाचे १२.७७ लाख, जम्मू-काश्मीरचे ३.६९ लाख आणि पंजाबचे ३.५९ लाख. महाराष्ट्रात ते सुमारे ८४ हजार होते. यांत लांब नळीच्या बंदुकाही आल्या, हे खरे. तरी देशाच्या लोकसंख्येत सहावा हिस्सा असलेल्या राज्यात एक-तृतीयांशाहून अधिक परवाने असावेत, याचा अर्थ तिथले लोक इतरांच्या दुप्पट धोक्यात जगतात असा काढायचा, तर तिथल्या पोलीस खात्यानेच त्याचे उत्तर द्यायला हवे.

कायदा पिस्तुलासाठी ‘सबळ कारण’ मागतो. ते सबळ आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याकडे असतो आणि तो कसा वापरला जातो याचे नमुने मध्य प्रदेशाने दिले आहेत. शिवपुरी जिल्ह्यात २००८ साली नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषांना परवान्यात प्राधान्य देण्याची योजना निघाली. ग्वाल्हेरमध्ये २०१९ साली अर्जदारांना झाडे लावायला आणि पुढे गोशाळेला ब्लँकेट द्यायला सांगण्यात आले. हेतू वाईट होते असे मी म्हणणार नाही. झाडे लागली असतील, गायींना ऊबही मिळाली असेल. पण ज्याच्या जिवाला धोका आहे त्याला शस्त्र द्यायचे, तर त्याच्याकडून ब्लँकेट कशासाठी? आणि धोका नसेल, तर ब्लँकेट दिल्याने तो निर्माण होतो का? जम्मू-काश्मीरमध्ये तर २०१२ ते २०१६ या काळात बाहेरच्या लोकांना लाखोंनी परवाने वाटल्याचे प्रकरण सीबीआयच्या तपासापर्यंत गेले.

याची दुसरी बाजू मांडणारे म्हणतात की परवान्याऐवजी हक्कच द्या. हा विचार परका नाही. १८७८चा शस्त्र कायदा हे गोऱ्यांनी हिंदी माणसाला निःशस्त्र करण्याचे साधन, अशी राष्ट्रीय चळवळीची धारणा होती. १९३० साली गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विनपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाने देण्याची मागणी होती. घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामथ यांनी शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क सुचवणारी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. हक्कापेक्षा देशासाठी शस्त्र धरण्याच्या कर्तव्यावर भर द्यायला हवा, आणि हक्क म्हणून तो सर्वांना दिला तर गुन्हेगारांनाही तो नाकारता येणार नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. दुरुस्ती फेटाळली गेली. ज्या समाजात काही जातींच्या हाती पिढ्यान्पिढ्या शस्त्र होते आणि काहींना ते धरण्याची मुभाच नव्हती, तिथे सरसकट हक्काचा लाभ कोणाला झाला असता, हे आजही परवानाधारकांची आडनावे वाचली तर कळते.

२०१९च्या दुरुस्तीने एका नागरिकाला तीनऐवजी दोनच शस्त्रांची मुभा ठेवली, आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद वा एक लाखापर्यंत दंड ठरवला आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर नेली. मूळ विधेयकात शस्त्र एकच होते. पंजाबातून विरोध झाल्यावर ते दोन झाले. पंजाबातच भटिंडा जिल्ह्यात २०१६च्या डिसेंबरात लग्नाच्या मंचावर एक नर्तिका गोळी लागून मेली होती. तेथील सरकारने २०२२ साली सर्व परवान्यांच्या फेरतपासणीचा आणि शस्त्रप्रदर्शनाच्या बंदीचा आदेश काढला. याउलट, मुदत पाच वर्षांची करून केंद्राने फेरतपासणीचा एकमेव नियमित प्रसंग लांबवला, याकडे संसदेतील चर्चेत फारसे कोणी लक्ष वेधले नाही.

गुन्हे तर मुख्यतः विनापरवाना शस्त्रांनीच होतात, हा आक्षेप मला माहीत आहे आणि तो खरा आहे. मुंगेरच्या घरांतून बनणारी पिस्तुले आणि गावठी कट्टे यांच्यापुढे परवान्याचे रिव्हॉल्व्हर नगण्य ठरते. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातील एका जामीन प्रकरणात अवैध शस्त्रांची स्वतःहून दखल घेतली ती याच कारणाने. त्या कट्ट्याला कोणतीही यादी लागू नाही. सरकार ज्या ९ मिलिमीटरपासून नागरिकाला दूर ठेवते, तेच मुंगेरहून निघून गुन्हेगाराच्या हाती पोहोचते. म्हणजे निषिद्ध-अनिषिद्ध विभागणीचा धाक राहिला तो कायदा पाळणाऱ्यालाच. म्हणून ती काढून टाका आणि नागरिकाला मोठी गोळी द्या, असे मात्र मी म्हणणार नाही. बारा गोळ्यांत नऊ वर्षे काढणाऱ्याच्या हाती अधिक जोराचे पिस्तूल दिल्याने सुरक्षित कोण होईल? भिंतीपलीकडे उभा असलेला माणूस तर नक्कीच नाही.

परवानाधारकांना खरोखर किती धोका आहे, याची एक चाचणी आपली व्यवस्था नकळत घेत असते. निवडणुकीची आचारसंहिता लागली की या राज्यांत परवान्याची शस्त्रे मोठ्या संख्येने ठाण्यात जमा करून घेतली जातात. दीड-दोन महिने ज्यांच्या ‘जिवाला धोका’ आहे ते शस्त्राविना वावरतात. त्या काळात भीती वाटली का, असे मी जवळजवळ प्रत्येकाला विचारले. मालखान्यात शस्त्र गंजले, मूठ फुटली, पावती हरवली, परत मिळवायला चार खेपा पडल्या, अशा तक्रारी मिळाल्या. भीतीचा उल्लेख फक्त डॉक्टरबाईंनी केला. त्या काळात त्या रात्रीच्या प्रसूतीला जाताना वाहनचालकाबरोबर आणखी एक माणूस घेत असत.

परवान्यांची राष्ट्रीय नोंदवही आता संगणकावर आहे आणि प्रत्येक परवान्याला स्वतंत्र क्रमांक आहे. त्या नोंदीत वर्षातून किमान एकदा अधिकृत जागी सराव केल्याची तारीख भरायला फार तर एक रकाना लागेल. नूतनीकरणाच्या वेळी धोक्याचे कारण नव्याने आणि लेखी तपासावे, नकार वा होकार कारणांसह संकेतस्थळावर टाकावा, आणि सरावासाठीची काडतुसे क्लबातच मोजून देऊन तिथेच संपवावीत, यांतल्या कोणत्याही गोष्टीसाठी संसदेत जाण्याची गरज नाही. गृहमंत्रालयाने नियमांत दुरुस्ती केली तरी पुरते. जिल्ह्याजिल्ह्यांत सरावाच्या जागा उभारायला पैसे लागतील. ते परवाना शुल्कातून काढता येतील, कारण सव्वा लाखाचे रिव्हॉल्व्हर घेणाऱ्याला वर्षाला दोन हजार रुपये जड नाहीत. ज्याला ते जड वाटतील किंवा वर्षातून एक दिवस नेमबाजीसाठी काढता येणार नाही, त्याला शस्त्र ठाण्यात जमा करून पावती घेता येईल. ती सोय आजही आहे.